स्थळ पाहताना मित्रही पाहा

लग्न जमवताना आपण मुलाची जमीन बघतो, पगार बघतो, पत्रिका बघतो, देवक एकच तर नाही ना ते बघतो, मामाचं कूळसुद्धा विचारतो. त्याचे मित्र कोण आणि किती वर्षांचे, हे मात्र कुणी विचारत नाही. मला विचाराल तर पहिला प्रश्न हाच हवा. ज्याला शाळेपासूनची एखादी मैत्री भांडणतंटे होऊनही टिकवता आली, त्याला संसारही टिकवता येतो, असं मी आजवर पाहत आले आहे. आणि ज्याच्याबद्दल चार शब्द खरे बोलायला एकही मित्र पुढं येत नाही, ते स्थळ कितीही भारी असलं तरी सुपारी फोडायची घाई करू नये.

मी जुन्नर तालुक्यातल्या आळ्याची. आमच्या फाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात, त्यामुळं स्थळंही चारही बाजूंनी येतात: संगमनेर, पारनेर, खेड, मुरबाड. लांबून आलेल्या स्थळाची माहिती मात्र एकाच तोंडून येते, मध्यस्थाच्या. मला आलेलं पहिलं स्थळ असंच होतं. बायोडाटावर ‘चाकणला कंपनीत परमनंट, बागायत बारा एकर, एकुलता एक’ असं छापलेलं. मध्यस्थ लांबचा पाहुणा. तो बोलायला लागला की आमच्या ओसरीवर दुसऱ्या कुणाला बोलायला जागा उरत नसे. गुण जुळले, याद्या झाल्या, बस्त्याचा दिवस ठरला.

बस्त्याच्या आदल्या दिवशी माझी शाळेतली मैत्रीण घरी आली. तिचा भाऊ चाकणलाच कामाला होता. बायका पापड लाटत बसल्या होत्या, त्यांच्यादेखत तिनं सांगितलं, की मुलगा ठेकेदाराकडं कंत्राटावर आहे आणि मुख्य म्हणजे त्याचं आधी एक लग्न झालंय, त्याची केस अजून कोर्टात चालू आहे. घरात एकच गलका झाला. चुलते म्हणाले, हिच्या पोटात दुखतंय. आत्या म्हणाली, हिचं स्वतःचं जमत नाही म्हणून दुसऱ्याच्या लग्नात मोडता घालते. मैत्रीण रडली नाही की उलट बोलली नाही. जाताना उंबऱ्याशी थांबून मला एवढंच म्हणाली, “माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण काकांना एकदा कोर्टात चौकशी करायला लाव.”

मी हट्ट धरून बसले, बस्ता पुढं ढकलायला लावला. वडील ओळखीच्या वकिलाला घेऊन तालुक्याच्या कोर्टात गेले. दावा होता, तारखाही पडत होत्या. पहिला घटस्फोट झालेला नसताना केलेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याप्रमाणं मुळातच रद्दबातल ठरतं. म्हणजे वाजत-गाजत सासरी जाऊनही मी कायद्यानं कुणाचीच बायको झाले नसते. लग्न मोडलं. मध्यस्थानं फोन उचलायचं बंद केलं. त्याला दिलेली रक्कम बुडाली ती बुडालीच.

पुढचा काळ सोपा नव्हता. ‘मोडलेल्या लग्नाची मुलगी’ हा शिक्का स्थळाच्या आधी पाहुण्यांच्या कानावर जातो. त्या काळात नात्यातले येणं-जाणं कमी करून बसले. मैत्रीण मात्र तिला ऐकवलेलं सगळं गिळून पहिल्यासारखी येत राहिली. तिनं मला वाचवलं, हे घरच्यांनी तिच्या तोंडावर कबूल करायला पुष्कळ वर्षं लागली.

आळ्यातल्या माणसाला सोबतीचं मोल वेगळं सांगावं लागू नये. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, तो परतीच्या वाटेवर आमच्या गावात कोसळला आणि ज्ञानेश्वरांसह चौघा भावंडांनी त्याला इथं समाधी दिली, अशी परंपरा आहे. बरोबर चालत आलेल्या मुक्या जनावराला त्यांनी वाटेत टाकलं नाही. चैत्रातल्या यात्रेला आपण तिथं रांगा लावतो आणि घरी येऊन मुलीच्या मैत्रिणीला दारातून परत पाठवतो, याचा मेळ मला कधी बसला नाही.

दुसरं स्थळ वडिलांच्या कांदा मार्केटातल्या ओळखीतून आलं. शेतकरी मुलगा, जमीन बेताची, नोकरी नाही. कांदेपोहे झाले, नेहमीचे प्रश्न झाले. मग मी विचारलं, “रात्रीची लाइट असली की दारं धरायला कोण जातं?” जुन्नर-आंबेगावात राहणाऱ्याला या प्रश्नाचं गांभीर्य कळेल. थ्री फेजची पाळी रात्रीची असली की उसात पाणी भरायला अंधारातच जावं लागतं आणि उसात बिबट्या असतो. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावं लागलं, ते उगाच नाही. एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन बांधावर उभी राहणारी बहुतेक वेळा घरातली बाईच असते. मुलाकडच्या थोरल्या माणसांनी भुवया उंचावल्या. मुलगा म्हणाला, “आत्तापर्यंत मी आणि मित्र जातो. एक रात्र त्याच्या रानात, एक रात्र माझ्या. तुम्हाला यावं लागणार नाही असं म्हणत नाही, पण एकटीला पाठवणार नाही.”

मी म्हटलं, मला त्या मित्राला भेटायचंय. लोक हसले, पण भेट झाली. मित्रानं सरळ सांगितलं, “रागीट आहे. राग दोन तास टिकतो, तेवढा वेळ समोर जायचं नाही. दिलेले उसने पैसे परत मागायला लाजतो, त्यात नुकसान होतं. दारू नाही.” आजवर मला मिळालेली ही सगळ्यात प्रामाणिक पत्रिका. दोन्ही दोष आजही आहेत. पण ते मला माहीत होते, मान्य होते, म्हणून त्यांचा संसाराला त्रास झाला नाही.

मुलीनं असे प्रश्न विचारणं हे शहरी फॅड आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी शेजारच्या ओतूरचा इतिहास आठवावा. 1884 मध्ये ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी घरचं लग्न ग्रामजोशाला न बोलावता सत्यशोधक पद्धतीनं लावलं. जोशानं दावा लावला, प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेलं आणि निकाल पाटलांच्या बाजूनं लागला. जोतीराव फुल्यांनी 1887 मध्ये सत्यशोधक लग्नविधीची पुस्तिका काढली, तिच्या मंगलाष्टकांत नवरा-नवरी स्वतः एकमेकांशी बोलतात, वचनं मागतात आणि देतात. आपल्या तालुक्यात अशी लग्नं शे-सव्वाशे वर्षांहून जुनी आहेत.

आता माझ्या भाच्या-पुतण्या सल्ला विचारतात. मुलांच्या आयाही येतात, कारण शेतकरी मुलांची लग्नं जमणं अवघड झालंय. 2022 च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू मुलांनी बाशिंगं बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. लोक हसले. मला हसू आलं नाही. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या 1000 मुलांमागं 913 मुली होत्या. 2011 मध्ये तो आकडा 894 वर आला. 2001 ला जी पोरं अंगणवाडीत होती, ती आज बोहल्यावर चढायच्या वयाची आहेत. गर्भातच नाकारलेल्या मुली आता पाहायला कुठून मिळणार? या टंचाईवरच फसव्या मध्यस्थांचं दुकान चालतं. ‘मुलगी तयार आहे, दोन लाख द्या, परवा देवळात लग्न लावू’ असं कुणी म्हणाला, की समजावं, इथं लग्न नाही, व्यवहार चाललाय.

म्हणून मुलीच्या आणि मुलाच्या, दोन्हीकडच्यांना काही गोष्टी सांगते.

बायोडाटावर छापलेलं सगळं तपासता येतं. सातबारा महाभूलेखवर घरबसल्या दिसतो. एकर किती ते बघाच, पण त्यात खातेदार किती आणि इतर हक्कांत कर्जाचा बोजा आहे का, तेही बघा. बारा एकरांत सहा भाऊबंद निघाले की वाट्याला काय येतं, ते बोटांवर मोजता येतं. नोकरी सांगितली असेल तर पगाराची स्लिप मागा. स्लिपवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, त्यावरून मुलगा थेट कंपनीत आहे की ठेकेदाराकडं ते कळतं. कोर्टातला दावा आता ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधता येतो. माझ्या वडिलांना त्यासाठी खेटे घालावे लागले होते.

वधू-वर सूचक मंडळाकडं जायचं तर नोंदणीचं प्रमाणपत्र आधी मागा. 1998 च्या महाराष्ट्र विवाह मंडळ विनियमन व विवाह नोंदणी कायद्यानं ही नोंदणी सक्तीची आहे. लग्नानंतर याच कायद्याखाली विवाहाची नोंद करून घ्या, हळद उतरायची वाट पाहू नका. फसवून लग्न लावलं असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली ते रद्द करून मागता येतं. पण फसवणूक उघड झाल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं आणि कळल्यानंतरही एकत्र नांदत राहिलात, तर तो हक्क जातो. शिवाय फुगवून सांगितलेली प्रत्येक गोष्ट कोर्ट फसवणूक धरत नाही. तेव्हा कोर्टावर भरवसा ठेवण्यापेक्षा आधीच्या चौकशीवर ठेवा.

चौकशी करायची ती नात्यातल्यांकडं कमी, मित्रांकडं जास्त. भाऊबंद एक तर झाकतील, नाहीतर बांधाच्या भांडणाचा राग काढतील. मुलाच्या मित्राला भेटलात की ‘स्वभाव कसा आहे’ असं विचारू नका. सगळे ‘एकदम चांगला’ म्हणतात. विचारा, “तुमचं शेवटचं भांडण कशावरून झालं आणि आधी कोण बोललं?” या एका प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरात राग, अहंकार, पैसा, माफी, सगळं येतं. भांडण झालंच नाही म्हणणारा मित्र नसतो, ओळखीचा असतो. आणि एखादा दोष सांगणारा भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवा. मुलीची चौकशीही अशीच तिच्या मैत्रिणीकडं व्हावी. हा नियम एकतर्फी नको.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार कुणी बोलत नाही. लग्नानंतर नवऱ्याचा फाट्यावरचा कट्टा तसाच राहतो, बाईच्या मैत्रिणी मात्र माहेरच्या वेशीतच सुटतात. सासरी मैत्रीण आली की ‘काय काम काढलं’ असं विचारलं जातं. अडचणीच्या वेळी आईला सांगता येत नाही आणि सासूला सांगायची सोय नसते, तेव्हा मैत्रीणच लागते. माझ्या सासरी मैत्रिणीला उंबऱ्यावर कुणी अडवलं नाही, हे मी माझ्या नवऱ्याचं मोठेपण समजते.

तेव्हा आई-वडिलांनो, सुपारी फोडण्याआधी मुलाच्या एका जुन्या मित्राला घरी बोलावून चहा पाजा आणि मोकळेपणानं विचारा. मुलींनो, तुमच्या लग्नात नको ते बोलायचं धाडस करणारी मैत्रीण असेल, तर घरच्यांच्या रागापोटी तिला तोडू नका. तिनं सांगितलेलं खरं की खोटं, हे तपासायला एक दिवस पुरतो. न तपासता केलेलं लग्न निस्तरायला आयुष्य जातं.