नाव पुसलं, पत्ता राहिला

चि. सायलीस,

तुझी मेल वाचली. नव्या नोकरीत पहिलंच काम जवळची औषधांची दुकानं दाखवून घरपोच औषधं पोचवणाऱ्या ॲपचं मिळालं, हे छान झालं. साहेबांचं म्हणणंही समजलं: ग्राहकाचं लोकेशन चोवीस तास घ्या, दर मिनिटाला घ्या, नाव आणि मोबाइल नंबर तेवढे उडवा, बाकीचं साठवून ठेवा, पुढेमागे उपयोगी पडेल. नाव उडवल्यावर बिघडतं कुठे, असं तू विचारलंस. माझा जन्म नकाशे काढण्यात गेला, तेव्हा त्याच बाजूने उत्तर देतो.

फोन रात्री एका जागी असतो, दिवसा दुसऱ्या. पहिली जागा घर, दुसरी ऑफिस. वारज्याच्या एका सोसायटीत राहून हिंजवडीच्या एका ठरावीक इमारतीत रोज जाणारी माणसं किती सापडतील? बहुधा एकच. त्यात दर मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञाचा दवाखाना ही तिसरी जागा आली, की नाव तर कळलंच, शिवाय त्या माणसाने सख्ख्या भावालाही न सांगितलेली गोष्ट कळली. तुमचं ॲप तर औषधांचंच आहे!

हा माझा तर्क नाही. २०१३ साली द मॉन्जॉय या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुमारे १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या. त्यात जीपीएस नव्हतं. कोणत्या तासाला फोन कोणत्या टॉवरपाशी होता, एवढंच. तरी अशा कुठल्याही चार नोंदी ९५ टक्के लोकांना इतर सर्वांपासून वेगळं काढायला पुरल्या. पुढे २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांच्या हाती १ कोटी २० लाख फोनांच्या ५० अब्ज नोंदी लागल्या. नावं त्यातही नव्हती, आणि पत्रकारांनी माणसं शोधून काढली. हा माल पोलिसांचा किंवा टेलिफोन कंपनीचा नव्हता. साध्यासुध्या ॲपांमधून गोळा होऊन तो लोकेशन डेटाचा धंदा करणाऱ्या कंपनीकडे गेला होता. म्हणून जाहिरातींसाठी किंवा आकडेवारीसाठी तुम्ही बाहेरची जी एसडीके, म्हणजे दुसऱ्याच्या तयार कोडची पेटी, जोडता, ती लोकेशन कुठे पाठवते ते आधी बघ. ॲपला मिळालेली परवानगी तिलाही आयती मिळते.

साहेब म्हणतील, मग सगळ्यांच्या नोंदी एकत्र करून नुसती बेरीज दाखवू. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा ॲपने तेच केलं होतं. धावणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या लोकांच्या वाटांचा जगाचा एक नकाशा त्यांनी नोव्हेंबर २०१७ मध्ये काढला. जिथे वर्दळ तिथे उजेड. जानेवारीत नेथन रूझर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याने दाखवून दिलं की सीरिया आणि अफगाणिस्तानच्या काळोख्या भागांत लष्करी तळ लख्ख दिसताहेत. तिथे ते ॲप वापरणारं सैनिकांशिवाय होतंच कोण? लंडनमध्ये ज्या बेरजेआड माणूस लपतो, तिच्याआड वाळवंटात लपत नाही. तुमचंही तेच होईल. कर्वे रस्त्यावर हजार ग्राहक असतील. भामरागडला एकच असला तर तुमची बेरीज म्हणजे तोच. ठरावीक संख्येपेक्षा कमी माणसं असलेला चौकोन नकाशावर दाखवायचाच नाही, हा नियम कोडमध्येच घाल.

आता तुझ्या हातातलं काम. अक्षांशाच्या पाचव्या दशांश स्थळाला साधारण एक मीटर जागा कळते, तिसऱ्याला शंभरेक मीटर, दुसऱ्याला किलोमीटरभर. जवळची दुकानं दाखवायला दोन-तीन स्थळं पुष्कळ झाली. उरलेले आकडे फोनमध्येच कापायचे, सर्व्हरवर येऊच द्यायचे नाहीत. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून ग्राहकाला नुसतं अंदाजी लोकेशन देता येतं. तसं देणाऱ्याला किंवा फक्त पिनकोड टाकणाऱ्यालाही दुकानं दिसली पाहिजेत. अडवून परवानगी उकळणारी ॲपं मला लबाड वाटतात.

अंतर दाखवतानाही जप. टिंडर या डेटिंग ॲपचा सर्व्हर समोरच्याचं ठिकाण न देता फक्त अंतर देत असे, पण दशांशाच्या लांबलचक शेपटीसह. २०१४ मध्ये सुरक्षा-संशोधकांनी दाखवलं की तीन खोट्या जागांवरून अंतर विचारलं आणि तीन वर्तुळं काढली, की माणूस नेमका छेदबिंदूवर सापडतो. नुसतं अंतर पूर्णांकात केल्यानेही हे थांबत नाही. आकडा बदलतो ती सीमा चाचपत शोधता येते. आधी जागाच जाडसर चौकोनात बसव, मग अंतर काढ. दर वेळी नवी यादृच्छिक चूक मिसळण्याचा मोहही नको. महिनाभराच्या नोंदींची सरासरी काढली की घर पुन्हा जागेवर येतं.

औषध पोचवताना अचूक जागा लागते, हे मान्य. ती त्या खेपेपुरती. पार्सल हातात पडलं की पुसायची. आणि डिलिव्हरीच्या पोरांचा विचार मीटिंगमध्ये कुणी काढत नाही, तो तू काढ. ड्यूटी संपल्यावर त्यांचा माग थांबलाच पाहिजे. त्यांनी पगारासाठी परवानगी दिलेली असते, हौसेने नव्हे.

कायदा साहेबांना सांगायला ठेव. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. जुलै २०२४ मध्ये तर न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांनी जामिनावर सुटलेल्या आरोपीला गूगल मॅप्सवरून आपला ठिकाणा तपास अधिकाऱ्याला दाखवत राहायला लावणारी अट रद्द केली. जिथे आरोपीच्या मागे सतत नजर लावता येत नाही, तिथे खोकल्याचं औषध मागवणाऱ्याच्या मागे ती कशाला? यानेही साहेब हलले नाहीत तर रुपयांत सांग: २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंड आहे.

नवी आहेस, वाद घालायला जाऊ नकोस. डिझाइनच्या बैठकीत लोकेशनच्या प्रत्येक नोंदीपुढे दोनच गोष्टी विचार: ही कोणत्या कामासाठी आणि पुसणार कधी? उत्तर लेखी घे. ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ हे उत्तर आलं, तर त्या नोंदीसाठी डेटाबेसमध्ये रकाना तयार करू नकोस.



तुझा
मामा