यादी चारची, फाइलमध्ये एकच

प्रश्न : अ‍ॅन्सिबलमध्ये चार एनटीपी सर्व्हरची यादी व्हेरिएबलमध्ये ठेवली आहे. टास्कवर लूप लावून टेम्पलेट मॉड्यूलने क्रोनीची कॉन्फिग फाइल बनवतो, पण फाइलमध्ये शेवटचाच सर्व्हर उरतो. असं का?

उत्तर : टेम्पलेट मॉड्यूल दर वेळी पूर्ण फाइल नव्याने लिहितं. तुमचा लूप टास्कवर आहे, त्यामुळे तीच फाइल चारदा लिहिली जाते आणि प्रत्येक फेरी आधीची ओळ पुसते. टास्कवरचा लूप काढा. जिंजाचा फॉर-लूप टेम्पलेटच्या आत लिहा. ‘सर्व्हर’, त्याचं नाव, ‘आयबर्स्ट’ ही एकच ओळ त्या लूपमध्ये ठेवली, की एकाच फेरीत चारही ओळी उमटतील.

काही जण यावर लाइनइनफाइल मॉड्यूल सुचवतात. यादीसाठी ते वापरू नका. उद्या यादीतून एक नाव काढलंत, तर त्याची जुनी ओळ फाइलमध्ये तशीच राहते आणि मशीन बंद झालेल्या सर्व्हरला विचारत बसतं. टेम्पलेटमध्ये यादी हेच एकमेव सत्य असतं, आणि म्हणूनच मला ते पसंत आहे.

व्हेरिएबल खरोखर यादीच आहे ना, हेही पाहा. यामलमध्ये डॅश विसरून एकच नाव लिहिलंत तर ते अक्षरांची माळ ठरतं आणि फॉर-लूप एकेका अक्षराची वेगळी ओळ काढतो!

फाइल बदलली तरी चालू सेवेला ते आपोआप कळत नाही; नोटिफाय देऊन हँडलरमधून क्रोनी रीस्टार्ट करा. आणि खऱ्या सर्व्हरवर चालवण्याआधी प्लेबुक चेक आणि डिफ हे दोन्ही पर्याय लावून एकदा चालवाच.