हिमभूमीवरील मळा

अंटार्क्टिका खंडावर जर्मनीचे नॉयमायर हे संशोधन-केंद्र आहे. हिवाळ्यात तेथे सुमारे दोन महिने सूर्य उगवत नाही. कित्येक महिने बाहेरून काहीच येत नाही. मग ताजी भाजी मिळावी कोठून? २०१८ साली शास्त्रज्ञांनी जहाजावरून दोन कंटेनरांत मळाच तेथे नेला! त्यात ना माती, ना ऊन. दिव्यांच्या प्रकाशात, अधांतरी लोंबणाऱ्या मुळांवर यंत्र पोषक द्रवाचा फवारा सोडी. दूर जर्मनीतील ब्रेमेन शहरातूनही त्यावर देखरेख होई. पेरणी व तोडणी मात्र माणसाच्याच हातची. अवघ्या साडेबारा चौरस मीटर जागेत साडेनऊ महिन्यांत २६८ किलो भाजी पिकली. बाहेर हिमवादळ घोंघावत असता दहा माणसांच्या ताटांत ताजी काकडी व टोमॅटो येऊ लागले.