घरच्या कॉम्प्युटरला एसएसडी किती जीबीची?

चि. सायली हिस,


तुझा निरोप मिळाला. घरचा कॉम्प्युटर सुरू व्हायला पाच-पाच मिनिटं घेतो म्हणून तुम्ही एसएसडी बसवायचं ठरवलंत, हे फार चांगलं केलंत. दुकानदार म्हणतो २५६ जीबी पुष्कळ झाली, निखिल म्हणतो घ्यायचीच तर २ टीबी घ्या, आणि भाऊजींनी निर्णय तुझ्यावर सोपवला आहे. तू मला फक्त आकडा विचारलास. तो सांगतोच, पण कसा काढायचा तेही नीट सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी तुला कुणाला विचारावं लागणार नाही.

घरात इतकी वर्षं जे साठलं आहे, त्यावरून एसएसडीचा आकार ठरवू नकोस. घरातली माणसं रोज ज्यावर काम करतात, त्यावरून ठरव. साठवण्यासाठी स्वस्त साधनं आहेत. एसएसडीचे जादा पैसे आपण वेगासाठी देतो.

हा वेग कुठून येतो ते आधी समजून घे. तुमच्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. फाइलचा तुकडा हवा असेल तर आतला दांडा योग्य जागी सरकायला हवा, मग तबकडी फिरून तो तुकडा त्याच्याखाली यायला हवा. यात दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना असे हजारो बारीक तुकडे वाचावे लागतात, म्हणून पाच मिनिटं लागतात. एसएसडीत हलणारा भाग नाही. तेच काम ती मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात किंवा त्याहून लवकर करते. म्हणजे विंडोज, प्रोग्राम आणि चालू कामाच्या फाइली एसएसडीवर हव्यातच. आठ वर्षांपूर्वीच्या बारशाचा व्हिडिओ तिथे ठेवून तो काही जास्त वेगाने दिसणार नाही.

आता मोजणी. तू सेटिंग्जमध्ये जाऊन सिस्टिम, मग स्टोरेज उघडलंस आणि आकडे पाठवलेस, ते मी मांडून पाहिले. विंडोज आणि सगळे प्रोग्राम मिळून ८० जीबी. निखिलचे गेम १४०. ताईच्या शिकवणीचं साहित्य आणि भाऊजींची कागदपत्रं २०. फोटो ९०. लग्नं, मुंजी, गणपती यांचे व्हिडिओ आणि उतरवून ठेवलेले चित्रपट मिळून २७०. एकूण ६०० जीबी. त्यातले रोज लागणारे पहिले तीनच, म्हणजे २४० जीबी. या वर्षाचे फोटो हाताशी असावेत म्हणून आणखी २० धर. तुमच्या घराची खरी गरज झाली २६०.

याच्यावर दोन गोष्टी लक्षात घे. पहिली म्हणजे खोक्यावरचा आकडा आणि विंडोजमध्ये दिसणारा आकडा वेगळा असतो. कंपनी १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते, विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त धरतं. त्यामुळे २५६ ची एसएसडी २३८ दिसते, ५०० ची ४६५ आणि १ टीबीची ९३१. यात फसवणूक नाही, पण हिशेब दिसणाऱ्या आकड्यावर कर.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एसएसडी काठोकाठ भरू नये. तोशिबाने १९८७ मध्ये जगापुढे मांडलेल्या नँड फ्लॅशचा स्वभाव आजही तोच आहे. त्यात माहिती पान-पान करून लिहिता येते, पण पुसायची असेल तर शेकडो पानांचा पूर्ण ब्लॉक एकदम पुसावा लागतो. म्हणून एसएसडी मागच्या मागे कामाची पानं उचलून दुसरीकडे नेते, मग जुना ब्लॉक पुसून मोकळा करते. मोकळी जागा उरली नाही तर हे हलवणं वाढतं, लिहिण्याचा वेग पडतो आणि झीजही वाढते. शिवाय बऱ्याच घरगुती एसएसडी मोकळ्या जागेचाच काही भाग जलद लिहिण्यासाठी वापरतात. जागा आटली की तो भागही आटतो. विंडोजचं मोठं अपडेट आलं की तेही जागा मागतं, आणि जुनी आवृत्ती दहा दिवस बाजूला ठेवतं. म्हणून माझा नियम असा आहे की पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवायचा.

आता एकेक पर्याय ताडून पाहा. २५६ मध्ये पाचवा हिस्सा सोडला की वापरायला १९० जीबी उरतात. तुमचे २६० त्यात मावतच नाहीत. ज्या घरी ब्राउझर, टायपिंग आणि बँकेचं काम एवढंच चालतं, तिथे ही खुशाल घ्यावी, तुमच्याकडे नाही. ५०० मध्ये ३७० वापरता येतात, म्हणजे आज ११० जीबी शिल्लक. निखिलला पुढे रेड डेड रिडेम्प्शन २ खेळायचा आहे, आणि त्या एका गेमला कंपनीच १५० जीबी जागा मागते. तो बसणार नाही. गेम नसते तर मी तुला ५०० च सांगितली असती आणि ती बरीच वर्षं पुरली असती. १ टीबीत साधारण ७४५ वापरता येतात, म्हणजे आजची गरज भागून ४८५ शिल्लक. चार-पाच वर्षांची वाढ त्यात आरामात बसते. तेव्हा तुमच्या घरासाठी माझं उत्तर १ टीबी. २ टीबी घेतलीत तर अर्ध्याहून अधिक जागेचे पैसे नुसते पडून राहतील.

दुकानदार कदाचित असंही सांगेल की लहान आणि मोठी एसएसडी वेगाला सारखीच असते. नेहमी तसं नसतं. मोठ्या एसएसडीत मेमरीचे तुकडे जास्त असतात आणि ते एकाच वेळी काम करतात. मार्केट यार्डात दोन हमालांपेक्षा आठ हमाल ट्रक लवकर रिकामा करतात, तसंच हे. सॅमसंगच्या ९७० ईव्हो प्लसचं उदाहरण घे. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे २५० जीबीचा लिहिण्याचा वेग सेकंदाला २,३०० एमबी होता, ५०० जीबीचा ३,२०० आणि १ टीबीचा ३,३००. म्हणजे ५०० च्या पुढे फरक जवळपास संपतो. केवळ वेगासाठी २ टीबी घेण्यात अर्थ नाही.

एसएसडी लवकर झिजते ही भीती भाऊजींना वाटते, ती आकड्यांनी काढून टाक. किती लिहिण्याची हमी आहे ते कंपनी टीबीडब्ल्यू या आकड्याने सांगते. सॅमसंगच्याच ८७० ईव्होला ५०० जीबीमध्ये ३०० टीबीची हमी आहे, १ टीबीमध्ये ६०० ची. तुम्ही रोज ३० जीबी लिहिलंत तरी वर्षाला ११ टीबी होतात. ही मर्यादा तुमच्या घराला गाठता येणार नाही. मात्र खरेदी करताना हा आकडा बघ. क्यूएलसी प्रकारच्या एसएसडीत एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात, त्या स्वस्त पडतात, पण हा आकडा कमी असतो आणि मोठी फाइल लिहिताना वेग फार पडतो. किमतीच्या थोड्या फरकाने तीन बिटांची टीएलसी मिळत असेल तर तीच घे.

घेण्याआधी मदरबोर्डचं मॉडेल बघून कंपनीच्या साइटवर माहिती वाच. एसएसडी बसवायचा एम.२ स्लॉट असला तरी तो साटा प्रकारची एसएसडी चालवतो की एनव्हीएमई प्रकारची, की दोन्ही, हे तिथे लिहिलेलं असतं. स्लॉटच नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी घे. ती सेकंदाला साडेपाचशे एमबीपर्यंत जाते आणि घरच्या कामाला तेवढं पुरतं. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की मोठा फरक जाणवतो. साटा आणि एनव्हीएमईमधला फरक रोजच्या वापरात फारसा कळत नाही.

लॅमिंग्टन रोडला जाणार असशील तर तीन-चार दुकानांत विचार. भाव सतत वरखाली होतात, म्हणून किमतीला जीबीने भागून तुलना कर. जीएसटीचं बिल घे, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घे. दोन-तीन हजारांत १६ टीबीची बाहेरून लावायची एसएसडी कुणी दाखवली तर हात लावू नकोस. ती खोटी असते. आत थोडीशी मेमरी असते, विंडोजला आकडा मोठा दाखवला जातो आणि नंतर भरलेल्या फाइली हरवतात.

आता ज्यासाठी एवढं लांब पत्र लिहिलं ते. २ टीबीऐवजी १ टीबी घेऊन जे पैसे वाचतील, त्यांची बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्या. यात काटकसर करू नका. हार्ड डिस्क बिघडण्याआधी बरेचदा आवाज करते, एसएसडी पुष्कळदा काही न सांगता बंद पडते. पुसलेली फाइल हार्ड डिस्कवरून कधी कधी परत मिळते, एसएसडीवरून मिळणं फार अवघड असतं, कारण पुसलेली जागा ती स्वतःच साफ करून टाकते. ताईने आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवल्या आहेत. त्या आज फक्त तुमच्या जुन्या डिस्कवर आहेत, हे वाचून मी अस्वस्थ झालो. आई आता नाही. ते रेकॉर्डिंग पुन्हा होणार नाही. जुनी डिस्क केबिनेटमध्ये राहू दे, फोटो आणि व्हिडिओ तिथेच असू देत, पण त्यांची दुसरी प्रत नव्या बाहेरच्या डिस्कवर करा आणि एक प्रत क्लाउडवर किंवा माझ्याकडे ठेवा. डिस्क दर महिन्याला जोडायची, प्रत घ्यायची आणि काढून कपाटात ठेवायची. ही जबाबदारी तू घे, म्हणजे ती होईल.

तेव्हा क्रम असा ठेव. आधी बाहेरची डिस्क आणून सगळ्याची प्रत काढ. ती उघडून, चार-दोन फाइली चालवून खात्री कर. मगच एसएसडी बसवायला घे. विंडोज नव्याने टाकलंत तर उत्तम, वर्षानुवर्षांचा कचरा जाईल. मदरबोर्डचं मॉडेल मला कळव, कोणती एसएसडी त्याला बसेल ते मी बघून देतो. ओव्यांची प्रत मात्र त्याची वाट न पाहता आजच काढ.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार, निखिलला आशीर्वाद.

तुझा,
मामा