तीन मिनिटे वीस सेकंद

(घरगुती चलचित्रांच्या छोट्या कॅमेऱ्यात कोणती फिल्म वापरतात आणि रंगीत निगेटिव्हमुळे काय फरक पडला, याची माहिती या पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, ईदच्या दिवशी किंवा घरातल्या लग्नात कोणीतरी मोबाइलवर चित्रण करत असते. दादी हसते, धाकटा भाऊ नवे कपडे घालून धावतो. तासभर चित्रण झाले तरी कोणी हिशेब ठेवत नाही. पूर्वी मात्र घरी चलचित्र काढणाऱ्याला एकेक सेकंद मोजावा लागे. आजही काही हौशी लोक त्याच पद्धतीने चित्रण करतात. त्यांच्या फिल्मची ओळख आपण करून घेऊ.

अमेरिकेतील कोडॅक कंपनीने १९३२ साली घरगुती चित्रणासाठी ८ मि.मी.ची फिल्म आणली. १९६५ साली तिचा सुधारलेला प्रकार आला. त्याचे नाव सुपर एट. ही फिल्म प्लॅस्टिकच्या बंद डबीत मिळते. एका डबीत ५० फूट फिल्म असते. एका फुटात ७२ चित्रे, म्हणजे एकूण ३६०० चित्रे. कॅमेरा सेकंदाला १८ चित्रे घेत असेल, तर ३६०० ला १८ ने भागा. उत्तर येते २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटे वीस सेकंद! एक चित्र असते केवढे? सुमारे ६ मि.मी. रुंद आणि ४ मि.मी. उंच.

अशा कॅमेऱ्यात बहुतेक लोक रिव्हर्सल फिल्म वापरत. कोडाक्रोम ही त्यातली प्रसिद्ध फिल्म. धुऊन आल्यावर तिच्यावर खऱ्या रंगांची चित्रे दिसत. खोलीत अंधार करून तीच फिल्म प्रोजेक्टरवर चढवायची आणि पडद्यावर चित्र पाहायचे. सोय मोठी होती, पण धोकाही होता. मूळ प्रत एकच, आणि दर वेळी तीच यंत्रातून फिरणार! तिच्यावर ओरखडा पडला, की तो कायमचा.

इतिहासातील एक उदाहरण पाहा. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची डॅलस शहरात हत्या झाली. त्या वेळी अब्राहम झाप्रुडर हे कपड्यांचे व्यावसायिक ८ मि.मी.च्या घरगुती कॅमेऱ्याने चित्रण करत होते. सुमारे २६ सेकंदांचे ते रंगीत चित्रण मोठा पुरावा ठरले. पुढे हाताळताना मूळ फिल्ममधील काही चित्रे खराब झाली. सुदैवाने तिच्या तीन प्रती त्याच दिवशी काढलेल्या होत्या. म्हणून ती चित्रे वाचली.

निगेटिव्ह फिल्मची रीत वेगळी असते. तिच्यावर सगळे उलटे दिसते. उजेडाच्या जागी काळोख आणि काळोखाच्या जागी उजेड. रंगसुद्धा उलटे! फिल्मवर निळा, हिरवा व लाल प्रकाश टिपणारे तीन थर असतात. फिल्म धुतल्यावर त्यांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि निळसर हिरवा रंग तयार होतो. शिवाय सगळ्या फिल्मवर नारिंगी झाक असते. दुसऱ्या फिल्मवर छापल्यावर किंवा संगणकाच्या साहाय्याने उलटवल्यावर खरे रंग दिसतात. म्हणजे निगेटिव्ह स्वतः प्रोजेक्टरवर चढवावी लागत नाही. ती थंड व कोरड्या जागी जपून ठेवायची आणि तिच्यापासून हव्या तेवढ्या प्रती काढायच्या. तिचा आणखी एक गुण आहे. उजेडाचे माप थोडे चुकले, तर रिव्हर्सल फिल्म चूक सहन करत नाही. निगेटिव्ह सांभाळून घेते.

मोठ्या सिनेमांसाठी कोडॅकची रंगीत निगेटिव्ह १९५० पासून होती. या शतकात कंपनी ती सुपर एटच्या डबीतही देऊ लागली. व्हिजन थ्री मालिकेतील ५० डी, २०० टी आणि ५०० टी हे प्रकार या डबीत मिळतात. आकडा जितका मोठा, तितका कमी उजेड पुरतो. पण चित्र अधिक रवाळ दिसते. म्हणून कडक उन्हात ५०, तर संध्याकाळी किंवा घरात ५०० उपयोगी पडते. 'डी' म्हणजे दिवसाच्या उजेडासाठी आणि 'टी' म्हणजे टंगस्टन दिव्यांच्या पिवळसर प्रकाशासाठी. 'टी' फिल्म उन्हात वापरताना भिंगाच्या वाटेत नारिंगी काच आणावी लागते, नाहीतर चित्र निळे दिसते.

फिल्म जपायची, तशी ती वेळेवर धुवायलाही हवी. कोडाक्रोम धुण्याची पद्धत फार किचकट होती. शेवटी जगात तिची एकच प्रयोगशाळा उरली, अमेरिकेतील पार्सन्स या छोट्या गावी. ३० डिसेंबर २०१० नंतर तिनेही नवी रिळे घेणे बंद केले. ज्यांची रिळे कपाटातच राहिली, त्यांच्या हाती ते रंग आले नाहीत.

मित्रांनो, मोबाइलची गोष्टही वेगळी नाही. अम्मीच्या मोबाइलमध्ये दादीचे एकच चित्रण असेल, तर आजच त्याची दुसरी प्रत करून ठेवा. आणि एक विचार करा. तुमच्याजवळ फक्त तीन मिनिटे वीस सेकंद असती, तर तुम्ही कोणाचे चित्रण केले असते?

शब्दार्थ
ओरखडा – खरचटल्याची रेघ
पुरावा – सबूत
प्रत – नक्कल
किचकट – अवघड, गुंतागुंतीची
रवाळ – बारीक दाणे दिसणारे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सुपर एट फिल्म कोणत्या साली आली?
(आ) घरात चित्रण करण्यासाठी कोणती फिल्म उपयोगी पडते?
२. कारणे लिहा.
(अ) झाप्रुडर यांच्या चित्रणातील खराब झालेली चित्रे वाचली.
(आ) निगेटिव्ह फिल्म प्रोजेक्टरवर चढवावी लागत नाही.
३. कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे घेत असेल, तर एक डबी किती वेळ पुरेल?
४. विरुद्धार्थी शब्द लिहा : उजेड, मूळ, थंड, कोरडे.
५. पाठाच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आठ-दहा ओळींत लिहा.