आईबापांचे घर आवरताना

आईबाप निवर्तल्यावर शोक ओसरतो न ओसरतो तोच भावंडांपुढे एक अवघड काम उभे राहते. ते म्हणजे त्यांचे घर आवरणे. खानदेशातल्या धाब्याच्या घरात काय नसते? उतरंड, कणगी, जाते, गोधड्यांची चळत, खुंटीवरचे उपरणे आणि कोपऱ्यातली लोखंडी पेटी. पोटासाठी सुरतेस किंवा पुण्यास गेलेल्या मुलांस चार दिवसांत परतावयाचे असते. म्हणून तांब्यापितळेची भांडी मोडीत, लुगडी बोहारणीस आणि कागद चुलीत, अशी सर्वांची वाट लावली जाते. ही घाई किती महाग पडू शकते, हे आपल्याच दोन जिल्ह्यांतील उदाहरणांवरून पाहू.

१. जळगावची वही

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म सन १८८० मध्ये असोद्यास झाला व त्या जळगावी नांदल्या. तरुणपणीच वैधव्य आले. शेत आणि संसार त्यांनी एकटीने ओढला. त्यांस अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या आपल्या बोलीत गाणी रचीत, आणि घरातील मुलांनी त्यांपैकी काही टिपून ठेवली होती. ता. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या वारल्या. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. आईच्या मागे राहिलेली ती वही त्यांनी संकोचानेच आचार्य अत्रे यांस दाखविली, आणि सन १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे सन २०१८ मध्ये जळगावच्या विद्यापीठास बहिणाबाईंचे नाव देण्यात आले.

वाचकांनी येथे थोडे थांबावे. त्या घरातील हंडा मोडीत घातला असता तर काही रुपये आले असते. त्या वहीस मात्र बाजारात कोणी कवडीही दिली नसती. तरी खरा वारसा त्या वहीतच होता. प्रत्येक घरात अशी गाणी सापडतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु आईच्या हातची एखादी यादी, बापाने लिहिलेला पेरणीचा हिशेब, एखादे जुने पत्र, हे एकदा जळाले म्हणजे पुन्हा विकत मिळत नाही.

२. धुळ्याची दप्तरे

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुन्या घराण्यांची दप्तरे मिळविली आणि त्यांतून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापले. ता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यास वारले. त्यांस सांभाळणारे मूलबाळ मागे नव्हते. तथापि त्यांचा संग्रह रद्दीत गेला नाही. त्यांच्या चाहत्यांनी सन १९२७ मध्ये धुळ्यास संशोधन मंडळ स्थापून तो जतन केला. आपल्या घरी मोडी लिपीतील कागद निघाले, तर वाचता येत नाहीत म्हणून ते टाकू नयेत, जाणत्यास दाखवावेत.

३. कामाचा क्रम

पहिले काम कागदांचे. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करावी व दाखला घ्यावा. सातबारा, खरेदीखत, पोस्टाचे व बँकेचे पासबुक, विम्याचा कागद, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या ही सर्व एका पिशवीत घालावी. जमीन असल्यास वारसाची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठी कार्यालयात द्यावी. पेटी झटकण्यापूर्वी गोधडीच्या घड्या, भिंतीतील कोनाडे व धान्याचे डबे पाहावेत. म्हातारी माणसे कागद तेथेच ठेवतात.

दुसरे काम माणसांचे. सर्व भावंडे जमल्याखेरीज कुलूप काढू नये. विशेषतः बहिणीस वगळू नये. ख्रिस्ती कुटुंबांस सामान्यतः लागू असलेल्या सन १९२५ च्या भारतीय वारसा अधिनियमाप्रमाणे, बाप मृत्युपत्र न करता वारल्यास विधवेस एकतृतीयांश मिळते, आणि उरलेल्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. पुष्कळ ठिकाणी बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवून, माहेर तुटेल या भीतीने तिची सही घेतात. तिने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा होय. भीतीने सोडविला तर ती लूट होय. वाटणीचा तंटा जुनाच आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात भावाची तक्रार घेऊन आलेल्या मनुष्यास वाटणी करून मिळाली नाही. लोभाविषयी इशारा मिळाला.

तिसरे काम वस्तूंचे, आणि ते शेवटीच करावे. प्रत्येकाने एक वस्तू आठवण म्हणून निवडावी. निवडण्याचा पहिला मान ज्याने दुखण्यात सेवा केली त्यास द्यावा. मग ती सून असो की धाकटी लेक. धडके कपडे व भांडी गरजूंस द्यावीत आणि उरलेले मोडीत घालावे. मागे आई किंवा बाप एकटे राहिले असतील, तर त्यांस विचारल्यावाचून काडीही हलवू नये. कारण ते घर अजून त्यांचेच आहे.

घर रिकामे करणे चार दिवसांचे काम आहे. ते करताना तुटलेली भावंडे मात्र चाळीस वर्षांतही एकत्र येत नाहीत.

विचारार्थ प्रश्न

(१) बहिणाबाईंची वही रद्दीत गेली असती, तर कोणाचे नुकसान झाले असते?
(२) आपल्या घरातील महत्त्वाचे कागद कोठे आहेत, हे घरातील किती जणांस ठाऊक आहे?
(३) वृद्ध आईबाप हयात असतानाच त्यांच्याकडून कोणत्या गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात?