‘दगा’ आणि ‘तोंडघशी’

‘ऐन वेळी दगा दिला’ आणि ‘तोंडघशी पाडले’ हे दोन वाक्प्रचार आपण सर्रास एकाच अर्थाने योजतो. माझ्या मते त्यांत महत्त्वाचा भेद आहे.

‘दगा’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ अर्थ कपट, फसवणूक. मराठीत मात्र तो माणसापुरता उरला नाही. पाऊस दगा देतो, प्रकृती दगा देते. जुलै २००५ मध्ये आमच्या दासगावावर दरड कोसळून माणसे गाडली गेली. तेथेही ‘डोंगराने दगा दिला’ असेच म्हणावे लागते. वास्तविक डोंगराने कोणाला वचन दिले होते?

‘तोंडघशी’ हा शब्द घरचा. ‘तोंड’ उघडच आहे. ‘घस’ हा ‘घासणे’च्या कुळातला, मागे संस्कृत ‘घृष्’ धातू. तोंड भुईला घासेल असे पडणे, हा शब्दार्थ. असा पडतो कोण? ज्याने भरवशाने पाऊल पुढे टाकलेले असते तो. म्हणजे या शब्दाच्या पोटात विश्वास आधीच गृहीत आहे.

उदाहरण जवळचेच घेऊ. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने तोच ठराव रद्द केला. हा केवळ दगा नव्हे. ठरावाच्या आधारावर पाऊल टाकलेल्यांना तोंडघशी पाडणे होय.

डिसेंबरच्या परिषदेस येताना मंडळींनी धरमतरची वाट सोडली व २५ तारखेस ती बोटीने दासगाव बंदरात उतरली. मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला, तरी येथून महाडपर्यंतचे पाच मैल पायी जाता येणार होते. आता भरवसा स्वतःच्या पायांवर होता. तळ्याचा हक्क पुढे मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला.

‘दगा झाला’ असे म्हणून कर्ता लपविता येतो. ‘तोंडघशी पाडले’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न उभा राहतो. इतिहास लिहिताना म्हणूनच मला दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.